घेरलेल्याची प्रार्थना कोणी म्हणावी?

जीवावर बेतलेल्या माणसाने शत्रूपासून वाचव अशी विनवणी केली तर त्यात शरमेसारखं काही नाही. बहुतेक धर्मांच्या नित्यपाठात ही विनवणी आहे आणि ती गुळमुळीतही नाही. देवीकवचात ‘शत्रुमध्ये गतो रणे’ असा थेट प्रसंग येतो. त्याच दुर्गासप्तशतीच्या पोथीतलं अर्गलास्तोत्र पुन्हा पुन्हा ‘द्विषो जहि’ म्हणतं, म्हणजे द्वेष करणाऱ्यांचा नायनाट कर. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तर शत्रूचे दात पाडण्याची मागणी आहे. या प्रार्थनांचं सार्वजनिक ठिकाणी करायचं काय, याला सध्या दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक उत्तर सभ्य लोकांचं: शत्रूचा उल्लेख गाळा, नाहीतर शत्रू म्हणजे षड्रिपू असं सांगून मोकळे व्हा. दुसरं रस्त्यावरचं: याच प्रार्थना भोंग्यावर लावा आणि ज्याला ऐकवायच्या त्याच्या दारात जाऊन ऐकवा. पहिल्या उत्तराने दुबळ्याचे शब्द जातात आणि दुसऱ्याने ते बलवानाच्या हाती पडतात. प्रार्थना आहे तशी राहावी. ती कोण म्हणतंय, कुठे उभं राहून म्हणतंय आणि म्हणून झाल्यावर काय करतंय, याचा जाब मात्र विचारला गेला पाहिजे.

आधी प्रार्थनेत नेमकं काय मागितलंय ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी पाठ नीट वाचलेला असतोच असं नाही. मराठी घरांत तिन्हीसांजेला म्हटली जाणारी रामरक्षा घ्या. एकूण 38 श्लोक. सुरुवातीला विनियोग, म्हणजे पाठ कोणाचा आणि कशासाठी हे सांगणारा भाग. त्यात ऋषी बुधकौशिक, देवता सीतारामचंद्र, शक्ती सीता, कीलक हनुमान, आणि पाठाचा हेतू रामचंद्रांची प्रीती. शत्रुनाश हा हेतू विनियोगात कुठेही नाही. देवीकवचाचा विनियोगही जगदंबेच्या प्रीतीसाठीच आहे. रामरक्षेतल्या कवचाचा खरा गाभा चौथ्या श्लोकाच्या उत्तरार्धात ‘शिरो मे राघवः पातु’ने सुरू होतो आणि नवव्या श्लोकाच्या शेवटी पायांशी संपतो. डोक्यापासून पायापर्यंत 20 ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी रामाचं वेगळं नाव.

ही नावं अंदाधुंद पेरलेली नाहीत. कपाळाला दशरथात्मज, डोळ्यांना कौसल्येय, कानांना विश्वामित्रप्रिय, नाकाला मखत्राता, म्हणजे यज्ञ राखणारा. भुजांपाशी शिवधनुष्य मोडतं, हातांपाशी सीता येते, छातीपाशी परशुराम भेटतो, पोटाशी खर मरतो, कंबरेला सुग्रीव, गुडघ्यांना सेतू, पोटऱ्यांना दशमुखांतक. जन्मापासून लंकेपर्यंतचं रामायण माणसाच्या अंगावर वरून खाली उतरत जातं. शत्रूला ठार केल्याचं सांगणारी नावं त्यात तीनच आहेत: खरध्वंसी, रक्षःकुलविनाशकृत् आणि दशमुखांतक. तिन्ही छातीच्या खाली. हृदयावर पहारा आहे तो जामदग्न्यजिताचा, आणि परशुरामाला रामाने जिंकलं तरी जिवंत सोडलं होतं. बाकीची बरीचशी नावं नात्यांची आहेत: आईबाप, गुरू, भाऊ, बायको, जांबवंत, सुग्रीव, हनुमान. सगळ्यांत शेवटी पायांशी येतो बिभीषणश्रीद. शत्रूच्या सख्ख्या भावाला राज्य देणारा राम माझे पाय राखो, असं म्हणून कवच बंद होतं. शत्रूच्या गोटातून उद्या एखादा आपल्याकडे येऊ शकतो, याची आठवण ज्या प्रार्थनेच्या शेवटच्या अवयवाशी बांधलेली आहे, तिला कोणी युद्धघोषणा करून टाकलं तर तो पाठ करणाऱ्याचाच आळस म्हणायचा.

पुढे पाताळात, जमिनीवर आणि आकाशात फिरणाऱ्यांची, शिवाय वेष पालटून वावरणाऱ्यांची भीती व्यक्त होते. त्यांच्याबद्दल मागणं एवढंच आहे, की रामनामाने राखलेला माणूस त्यांच्या नजरेलाही पडू नये. ‘आत्तसज्यधनुषा’ या श्लोकात राम-लक्ष्मणांनी प्रत्यंचा चढवलेली आहे, हात बाणाला लागलेला आहे, भाते भरलेले आहेत, आणि मागणं आहे ते वाटेत त्यांनी माझ्या पुढे चालावं एवढंच. धनुष्य रामाच्या हातात आहे. पाठ म्हणणाऱ्याचे हात रिकामे आहेत.

पाठात चुका होतात त्याही इथेच. ध्यानाचे श्लोक गाळून लोक थेट कवचावर येतात, कवच एका दमात उरकतात आणि फलश्रुतीपाशी मात्र थांबतात. त्या त्या अवयवाला हात लावून म्हणायची रीत काही घरांत आहे. ती पाळली की श्वास आपोआप लांबतो आणि घाबरलेला माणूस निदान स्वतःच्या अंगात परत येतो. घाईत म्हटलं की कवच राहतं बाजूला आणि ‘याने आपल्याला काही होणार नाही’ अशी हमी तेवढी मनात उरते. फलश्रुती ही हमीपत्रासारखी वाचायची गोष्ट नव्हे. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या कळसावरून उडी मार म्हणतो तेव्हा आधाराला 91 वं स्तोत्रच काढतो: देवदूत तुला हातांवर झेलतील, असं लिहिलेलं आहे ना? रक्षणाच्या प्रार्थनेचा इतका अचूक दुरुपयोग दुसरीकडे सापडायचा नाही. नकार देताना येशूही धर्मग्रंथातलंच वचन देतो, देवाची परीक्षा पाहू नये म्हणून.

आता सभ्य लोकांच्या उत्तराकडे. 1971 साली रोमन कॅथलिक चर्चची नवी नित्यप्रार्थना आली. धर्मगुरू आणि व्रतस्थ स्त्री-पुरुष दिवसाच्या ठरलेल्या प्रहरी स्तोत्रं म्हणतात, त्याची ही मांडणी. आधी 150 स्तोत्रं आठवड्यात पुरी होत, आता चार आठवड्यांचं चक्र झालं. या बदलात पोप पॉल सहावे यांच्या निर्णयाने 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं सबंध वगळली गेली. आणखी काही स्तोत्रांतल्या शापाच्या ओळी गाळल्या. बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्या बंदिवानांच्या 137 व्या स्तोत्राचा भयंकर शेवट त्यातच गेला. कारण दिलं ते असं, की या ओळी म्हणताना माणसाच्या मनाला अडचण होते. रोमच्या परंपरेने चालणाऱ्या वसईपासून गोव्यापर्यंतच्या धर्मगुरूंच्या रोजच्या पाठात म्हणूनच ही तीन स्तोत्रं येत नाहीत.

अडचण होते हे खरंच आहे. पण कोणाला होते? 58 वं स्तोत्र उघडून पाहा. त्याचा रोख परधर्मीयांवर नाही, परदेशीयांवर नाही, तर सत्ता हाती असून उलटा न्याय करणाऱ्यांवर आहे. तुम्ही नीट न्याय करता का, या प्रश्नाने ते सुरू होतं आणि मग म्हणतं, देवा, यांच्या तोंडातले दात पाड, गोगलगाय विरघळते तसे हे विरघळून जावोत. ज्याचा निकाल विकला गेलाय, ज्याच्या जमिनीचा उतारा रातोरात बदललाय, ज्याच्या पोरीच्या खटल्यातले साक्षीदार एकामागून एक फिरलेत, त्याला दुसरे कोणते शब्द द्यायचे? शांत आवारात सुस्थितीत बसलेल्या माणसाला या शब्दांनी अवघडल्यासारखं होतं म्हणून ते सामूहिक प्रार्थनेतून काढले, तर लुबाडलेल्या माणसाने देवळात येताना आपला राग चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा अशीच अपेक्षा होते. राग तिथे राहत नाही. तो घरी जातो, किंवा कोयता घेतो.

तिन्ही स्तोत्रं सारखी नाहीत हेही सांगायला हवं. 109 व्यात शत्रूची पोरं अनाथ होवोत, बायको विधवा होवो असे शाप आहेत. हे शाप बोलणाऱ्याचे नसून त्याच्यावर आळ घेणाऱ्यांचे शब्द तो देवाला ऐकवतोय, असं काही अभ्यासक मानतात. ते मान्य केलं तरी भरल्या सभेत, लहान मुलं समोर असताना ते मोठ्याने वाचू नये असंच मला वाटतं. एकट्या माणसाने बंद खोलीत म्हणावं. 83 वं सर्वांत अवघड, कारण त्यात अदोमापासून अश्शूरपर्यंत दहा लोकसमूहांची नावानिशी यादी आहे. शत्रूची यादी असलेली प्रार्थना कुठल्याही काळातल्या सैन्याला आयती मिळते. जुनी नावं खोडून नवी लिहिली की झालं. म्हणून 58 वं परत यावं, 109 वं खाजगीत राहावं आणि 83 वं समजावून सांगितल्याशिवाय वाचलं जाऊ नये.

षड्रिपूंचा अर्थही असाच जपून वापरायला हवा. अर्गलेतले द्वेष्टे म्हणजे काम, क्रोध, लोभ, हे निरूपण सुखरूप माणसाला उपयोगी आहे. बहिष्कृत कुटुंबाला, दारावर दगड पडत असताना, तुमचा खरा शत्रू तुमच्या आत आहे असं सांगणं हा क्रूरपणा झाला. त्यांचा शत्रू दाराबाहेर आहे. त्याला हात आहेत आणि त्या हातात दगड आहे.

मग शत्रू बाहेरचा आहे हे मान्य करूनही प्रार्थना विषारी होऊ न देण्याचा मार्ग कोणता? सर्वांत स्वच्छ उत्तर मला बौद्ध परित्राणपाठात, म्हणजे रक्षणासाठी म्हटल्या जाणाऱ्या पाठात दिसतं. महाराष्ट्रातल्या विहारांत आणि घराघरांत परित्राणपाठ होतो, त्या परंपरेत खंधपरित्त आहे. प्रसंग असा, की एक भिक्खू साप चावून मरतो, आणि बुद्ध सांगतात की त्याने सापांच्या चार कुळांबद्दल मैत्री मनात धरली नव्हती. मग पाठ सुरू होतो: विरूपाक्ष कुळातल्या सापांशी माझी मैत्री असो, एरापथांशी, छब्यापुत्तांशी, कण्हगोतमकांशी माझी मैत्री असो. मग बिनपायांचे, दोन पायांचे, चार पायांचे, अनेक पायांचे. मैत्री देऊन झाल्यावर मागणं येतं: बिनपायांच्याने मला इजा करू नये, दोन पायांच्याने करू नये. दोन पायांचा म्हणजे माणूसही या यादीत आला. आणि शेवटी अगदी रोखठोक: माझं रक्षण झालंय, परित्राण झालंय, ‘पटिक्कमन्तु भूतानि’, आता सगळ्यांनी मागे व्हावं. साप गळ्यात घालायला कोणी सांगितलेलं नाही. मैत्री आहे, अंतरही आहे. कुराणातल्या 113 व्या सूरेत, अल-फलकमध्ये, पाच छोट्या आयतींत हेच दुसऱ्या रीतीने येतं. अंधार दाटतो तेव्हाच्या अनिष्टापासून आणि हेवा करणारा हेवा करतो तेव्हाच्या अनिष्टापासून आसरा मागितलाय. हेवा करणाऱ्याच्या मरणाची मागणी तिथे नाही.

याच्या उलट टोकाला भागवताच्या सहाव्या स्कंधातली नारायणकवचाची कथा आहे. ती सांगताना अर्धीच सांगितली जाते. इंद्राने गुरू बृहस्पतींचा अपमान केला, ते निघून गेले, असुरांनी देवांना हरवलं. पुरोहित म्हणून विश्वरूप आला, आठव्या अध्यायात त्याने इंद्राला नारायणकवच शिकवलं आणि इंद्र जिंकला. पोथीच्या पाठीवरच्या महात्म्यात कथा इथे संपते. नवव्या अध्यायात काय होतं? विश्वरूपाची आई असुरांच्या कुळातली, म्हणून तो यज्ञाचा भाग गुपचूप असुरांनाही देत होता. इंद्राला ते कळलं आणि ज्याने कवच शिकवलं त्याचीच तिन्ही डोकी त्याने उडवली. त्या हत्येतून वृत्र उभा राहिला, आणि अकराव्या अध्यायात हा वृत्र, समोर वज्र घेतलेला इंद्र उभा असताना, नारायणाकडे स्वर्गही मागत नाही, पृथ्वीचं राज्यही मागत नाही, तुझ्या दासांचा दास कर एवढंच म्हणतो. कवच ज्याच्या अंगावर होतं त्याच्या मनातला संशय त्या कवचाने गेला नाही. भागवतकाराने हे दोन अध्याय शेजारीशेजारी ठेवलेत आणि कीर्तनकारांनी ते तसेच शेजारीशेजारी सांगायला हवेत.

बाजाराची गोष्ट थोडक्यात, पण आकड्यांनिशी. ‘शत्रूचं तोंड बंद’, ‘कोर्टात हमखास विजय’ अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात आणि त्यातल्या बऱ्याच बगलामुखीच्या नावावर असतात. मध्य प्रदेशातल्या दतिया आणि नलखेडा इथे निवडणुकीच्या हंगामात उमेदवारांची रीघ लागते ती याच देवीसाठी. विधीचं जे माप सांगतात त्यानेच मोजू. पुरश्चरण, म्हणजे मंत्राचा ठरावीक संख्येचा जप, सव्वा लाखाचं. माळ हळदीची, 108 मण्यांची, पण मोजताना 100 धरायचे. आठ चुकांपोटी सोडायचे. म्हणजे 1,250 माळा. मंत्र 36 अक्षरांचा. स्पष्ट म्हणायला पाच सेकंद धरले तर एका माळेला नऊ मिनिटं आणि सगळ्या जपाला 187 तास. रोज सहा तास बसणाऱ्या एका माणसाचा हा महिना झाला. अकरा जण बसले तर तीन दिवस. वर दशांश हवन म्हणजे 12,500 आहुती, त्याच्या दशांश तर्पण 1,250, मार्जन 125. ‘सकाळी पैसे भरा, संध्याकाळी व्हिडिओ पाठवतो’ म्हणणारा एकटा माणूस यातलं काय करत असेल, ते ज्याने त्याने ताडावं.

पैसे बुडतात हे त्यातल्या त्यात कमी नुकसान. संकल्पात यजमानाचं नाव, गोत्र, स्थळ, काळ आणि हेतू सांगायचा असतो. तिथे हळूच दुसऱ्याचं नाव शिरतं: भावकीतला कोणी, शेजारी, ऑफिसातला वरिष्ठ. मूळ मंत्र ‘सर्व दुष्टांबद्दल’ बोलतो, गिऱ्हाईक मात्र एक नाव घालून घेतं. त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाइकाला शत्रू ठाऊकच नसतो आणि भगत किंवा देवऋषी तो शोधून देतो. घराच्या अमुक दिशेला राहणारी, एकटी, वयस्क बाई; तिने करणी केली. अंगारा घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी गाव त्या बाईच्या दारात असतं. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा इथे नेमका लागू होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत 12 बाबी आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यातला एक गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. या कायद्याने घरातल्या आणि देवळातल्या प्रार्थनेवर बंदी आली अशी आवई अजूनही उठवली जाते. भजन, कीर्तन, प्रवचन, वारी, घरातली व धर्मस्थळातली उपासना ही सगळी त्यात स्पष्टपणे वगळलेली आहे. रामरक्षा म्हणणाऱ्याला या कायद्याची धास्ती नाही. शेजारणीचं नाव घेणाऱ्याला असली पाहिजे.

आता भोंग्याकडे. 2022 च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात मशिदींवरच्या भोंग्यांवरून वाद पेटला आणि उत्तरादाखल मशिदींसमोर हनुमान चालीसा लावण्याची भाषा झाली. भोंग्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला नियमही आहे: 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा खुल्या जागेत ध्वनिवर्धक बंद. तो सर्वांना सारखा लावावा, मशिदीला, मंदिराला, लग्नाच्या डीजेलाही. पण प्रार्थनेच्या अंगाने पाहिलं तर या भाषेत एक विसंगती होती. चालीसेत संकट कटतं, पीडा मिटते, भूतपिशाच जवळ येत नाही. ती संकटात सापडलेल्याची विनवणी आहे. ती मोठ्या जमावाने, दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर, मोठ्या आवाजात लावली की घेरणारा आणि घेरलेला यांची अदलाबदल होते. शब्द तेच राहतात, उभं राहण्याची जागा बदलते. हीच तपासणी जगात कुठेही बहुसंख्याकांच्या गर्दीला लागू आहे. कुठल्याशा गल्लीत मूठभर हिंदू राहत असतील आणि त्यांच्या दारासमोर थांबून घोषणा होत असतील, तर तिथे घेरलेले ते आहेत.

देवाला आघाडीवर नेण्याबद्दल बायबलच्या जुन्या करारात दोन प्रसंग आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचण्यासारखे आहेत. पहिल्यात इस्राएली लोक पलिष्ट्यांकडून हरतात आणि कराराचा कोश, म्हणजे देवाची निशाणी मानलेली पवित्र पेटी, रणांगणावर आणतात. छावणीत इतका जल्लोष होतो की जमीन हादरते. मग लढाई होते, 30,000 पायदळ पडतं आणि कोश शत्रूच्या हाती जातो. दुसरा प्रसंग दाविदाचा. मुलगा अबशालोम बंड करतो, दावीद यरुशलेम सोडून पळतो, आणि सादोक याजक कोश घेऊन त्याच्यामागे येतो. दावीद म्हणतो, कोश नगरात परत ने; देवाच्या मनात असेल तर तो मला परत आणील. हरत असलेल्या राजाने देवाची निशाणी आपल्या बाजूला ओढून घ्यायला नकार दिला. पण तो हात जोडून बसलाही नाही. सादोक आणि अब्याथार या याजकांची मुलं निरोप आणायला ठेवली, हूशयाला अबशालोमाच्या दरबारात पेरलं, सैन्याच्या तीन तुकड्या केल्या आणि सेनापतींना बजावलं की पोराला सांभाळून घ्या. तिसऱ्या स्तोत्राच्या मथळ्यात याच पळापळीचा उल्लेख आहे. शत्रू किती वाढलेत असं म्हणतानाच तो म्हणतो, मी अंग टाकलं, झोपलो आणि जागा झालो.

59 वं स्तोत्र याहून जवळचं आहे. त्याच्या मथळ्याप्रमाणे शौल राजाने दाविदाच्या घरावर मारेकऱ्यांची पाळत ठेवली आहे. ते संध्याकाळी कुत्र्यांसारखे गुरगुरत नगरभर फिरतात, असं स्तोत्र म्हणतं. त्या रात्री प्रत्यक्षात काय झालं ते शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात आहे. बायको मीखलने त्याला खिडकीतून खाली सोडलं, बिछान्यावर घरातली मूर्ती आडवी ठेवली, उशाला बकरीचे केस लावले, वर पांघरूण घातलं आणि सकाळी आलेल्या शिपायांना सांगितलं की ते आजारी आहेत. प्रार्थना आणि खिडकी, दोन्ही. यरुशलेमचा तट बांधणारा नहेम्या हेच एका वाक्यात सांगतो: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. अर्धे लोक बांधकामावर, अर्धे भाले घेऊन, ओझं वाहणाऱ्याच्या एका हातात हत्यार, कर्णा वाजवणारा नहेम्याजवळ. तट 52 दिवसांत पुरा झाला. आपल्याकडेही बखरीत भवानीचा आशीर्वाद आहे, म्हणून 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखानाच्या भेटीला जाताना अंगरख्याखालचं चिलखत कोणी काढून ठेवलं नव्हतं.

तेव्हा एखाद्या धमकावलेल्या कुटुंबासाठी वस्तीत, चर्चमध्ये, विहारात किंवा मंदिरात प्रार्थना ठेवायची असेल तर तिच्यासोबत करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पाठ पूर्ण म्हणावा, फलश्रुतीपुरता नको. शत्रूचं नाव, जात, धर्म कोणीही मोठ्याने घेऊ नये. ज्याला धमकी आलीय त्याने ते मनात घ्यावं. नाव घेण्याची जागा पोलीस ठाणं आहे. तिथे ते तारीख, वेळ आणि धमकीच्या नेमक्या शब्दांसह लेखी द्यावं, मोबाइलवरचे संदेश न पुसता त्यांची प्रत जोडावी, पोच घ्यावी. जीवाला तातडीचा धोका असेल तर 112. कुटुंबातलं कोणी खटल्यात साक्षीदार असेल तर 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती लागू केली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करणं बंधनकारक केलं. 2018 च्या योजनेत धोक्याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजी दिवसांत द्यायचा असतो आणि संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मिळतं, म्हणजे मुदत संपण्याआधी पुन्हा अर्ज करावा लागतो. इथेच लोक चुकतात. पहिल्या तीन महिन्यांत काही घडलं नाही म्हणून गाफील राहतात. प्रार्थनासभेला जमलेल्यांपैकी दोघांनी ही तारीख लिहून ठेवली तरी मोठं काम होईल.

एक आक्षेप राहतो, आणि तो पसायदानाचा. ज्ञानेश्वरांनी खळांचा नाश न मागता त्यांची व्यंकटी सांडो असं मागितलं, मग शत्रूच्या दातांची भाषा हवीच कशाला? पसायदानाची उंची कोणी नाकारत नाही. पण ते ग्रंथ पुरा झाल्यावर, वाग्यज्ञाच्या सांगतेला मागितलेलं आहे. दंगलीनंतरच्या शांतता समितीच्या बैठकीत मात्र ते सुरुवातीलाच म्हटलं जातं, आणि ज्यांची दुकानं जळालेली असतात त्यांनाही त्यासाठी उभं केलं जातं, पंचनामे अर्धवट असताना, आरोपी त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेले असताना. खळांचं भलं मागण्याचा अधिकार त्या दुकानदाराचा आहे. ते कधी मागायचं हे समितीच्या अध्यक्षाने ठरवू नये. आधी त्याला बोलू द्यावं. तो 58 व्या स्तोत्राच्या भाषेत बोलला तरी कार्यवृत्तात ते गाळू नये.